मन्मथनं पाणी सोडलं तो उन्हाळा

मन्मथच्या घरात सकाळ व्हायची ती दाळ मिलच्या आवाजानं. मिल दोन गल्ल्या पलीकडं होती, पण तिचा घरघराट जमिनीतून यायचा आणि फडताळातल्या पितळी वाट्या एकमेकींना लागून किणकिणत राहायच्या. तुरीच्या सालपटाची पिवळट धूळ दारांच्या चौकटींवर, तुळयांवर, अप्पांच्या टोपीवर बसलेली असायची. पुढच्या अंगाला अप्पांचं सरकी-पेंडीचं दुकान, मागं राहतं घर, मध्ये उघडा चौक आणि चौकात आड. घरात शिरलं की आधी पेंडीचा वास, मग भस्माचा, आणि सगळ्यात शेवटी अव्वाच्या चुलीवरच्या येसराच्या आमटीचा. अव्वा म्हणजे मन्मथची आई. आईला अव्वा म्हणतात हे मला लातूरला येईपर्यंत माहीत नव्हतं. आठवड्याभरात मीही तिला अव्वाच म्हणू लागलो. आजही कुणी अव्वा म्हटलं की मला माझी जन्मदाती नव्हे, ती आठवते. माझ्या आईनं ह्याचा कधी राग धरला नाही, हे तिचे उपकार.

मी लोह्याकडच्या एका वाडीतला. आमचं घर मेंढरांचं. बाप वर्षातले आठ महिने कळपामागं फिरायचा. शाळेतल्या एका मास्तरांनी त्याला पटवलं म्हणून माझं नाव लातूरच्या कॉलेजात आणि तिथल्या होस्टेलात घातलं गेलं. वर्गात पहिल्या दिवशी शेजारी येऊन बसलेल्या पोरानं विचारलं, "नाव काय रं?" मी म्हणालो, "गंगाधर." तो मागच्या बाकाकडं वळून ओरडला, "पोरांनो, पाण्याची चिंता मिटली! गंगाधर आलाय. ह्याच्या डोक्यावरनं धार धरायची." सगळा वर्ग हसला. मला राग यायला हवा होता, पण त्यानं लगेच खिशातले भाजलेले शेंगदाणे माझ्या हातावर ओतले. तो मन्मथ. तिथून पुढं त्याच्याशिवाय माझा एक दिवस गेला नाही.

त्यांच्या घराचा एक नेम होता. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय घरातलं कुणी पाण्याचा घोटही घेत नसे. अव्वाची पूजा सावकाश चालायची. अप्पांची मोठ्यानं चालायची, गल्लीला ऐकू जावी अशी. मन्मथची मात्र दोन मिनिटांत उरकायची, आणि तेवढ्यातही तो ओठांत सिनेमातलं गाणं घोळवायचा. अव्वा चुलीपुढून म्हणायची, "देवाला कसलं गाणं ऐकवून राहिला रं?" तो डोळे न उघडता म्हणायचा, "अव्वा, त्याला बी कधी बदल पाहिजे की." ती फुंकणी उगारायची. पूजा झाली की तो चांदीची डबी दोऱ्यासकट सदऱ्याच्या आत सोडायचा आणि मला म्हणायचा, "चल गंग्या, आता भाकरीची पूजा." देवाधर्माचं त्याला फार आहे असं कुणालाच वाटत नसे. मला तर बिलकुलच नाही.

त्या साली पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, आणि त्याच साली लातूर जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. दोन्ही गोष्टी एकदमच अंगावर आल्या. एका बाजूला मोंढ्यात धान्याच्या थप्प्या दिसेनाशा झाल्या, खेड्यांतली माणसं गुरं घेऊन पेंडीसाठी अप्पांच्या दारात उभी राहायला लागली. दुसऱ्या बाजूला जीपगाड्या आल्या, भाड्याच्या इमारतींवर ओल्या रंगाच्या पाट्या आल्या, साहेब आले. साहेबांसाठी गावाबाहेर बंगले उठले. बंगल्यांना हिरवळ हवी होती. आमच्या होस्टेलचा हौद माघापासून कोरडा होता, आणि बंगल्यांकडं जाणारा पाण्याचा टँकर रोज आमच्या फाटकासमोरून, मागं ओली रेघ ओढत जायचा. ड्रायव्हरला पोरांनी हटकलं तर तो बिचारा म्हणायचा, "मला जिथं ओत म्हनतात तिथं मी ओततो. माझ्यावर कामून चिडता?"

आम्हाला माणशी एक तांब्या मिळायचा, तोही मचूळ. अंघोळ विसरलोच होतो. परीक्षा तोंडावर होती, उन्हाळा चढत होता, आणि तहान लागू नये म्हणून होस्टेलातल्या पोरांनी तिखट-मीठ सोडून दिलं होतं. नुसती भाकरी पातळ वरणात भिजवून गिळायचो. एका सकाळी अव्वानं माझ्या ताटात शेंगदाण्याची चटणी वाढली आणि मी ती बोटानं बाजूला सारली. माझ्या लक्षातही आलं नाही. मन्मथ बघत होता.

"चटणी कामून ठेवलीस?"

"सहज."

"सहज न्हाई. तुला चटणीशिवाय घास उतरत न्हाई."

मग त्यानं खोदून खोदून विचारलं आणि मला सांगावं लागलं. त्यांच्या आडात तळाला का होईना पाणी होतं, त्यामुळं हे त्याला ठाऊक नव्हतं. अव्वानं माझ्यापुढं पाण्याची चरवी आणून ठेवली आणि म्हणाली, "ही संपल्याबिगर उठायचं न्हाई." पुढं जे झालं त्याचं कारण लोकांनी फार मोठमोठ्या शब्दांत सांगितलं. मला विचाराल तर त्याचं कारण ती चटणी होती.

दुसऱ्याच दिवशी पोरांनी टँकर अडवला. ठरवणारा होता सुधाकरभाऊ, शेवटच्या वर्षाचा, पांढऱ्या सदऱ्याचा, आवाजाचा पक्का. तो घोषणा द्यायला लागला की अंगावर काटा यायचा, हे मी अजूनही नाकारत नाही. फाटकासमोर पोरं आडवी बसली. आणि ज्याला होस्टेलशी देणंघेणं नव्हतं तो मन्मथ शिडीनं टँकरवर चढला आणि टाकीच्या झाकणावर मांडी घालून बसला. पत्रा उन्हानं तापलेला. खालून सुधाकरभाऊ ओरडला, "उतरायचं न्हाई!" मन्मथ वरून म्हणाला, "उतरायला जागा कुठंय भाऊ, बूड चिकटलंय." पोरं खिदळली. कुणीतरी मागची तोटी सोडली. बायका घागरी, पातेली, पोरांच्या अंघोळीची घंगाळी घेऊन धावल्या, आणि पाणी भांड्यात कमी, रस्त्यावर जास्त सांडलं. त्या गोंधळात एक दगड आला. तो कुणी मारला ते शेवटपर्यंत कळलं नाही. काच फुटली, ड्रायव्हरच्या कपाळातून रक्ताची धार लागली. मग पोलीस आले. मी बायकांच्या घोळक्यात ढकलला गेलो आणि पायांखालच्या चिखलात पडलो. उठलो तेव्हा मन्मथला चौघांनी टाकीवरून ओढून काढलं होतं. त्याच्याबरोबर आणखी काही पोरांना गाडीत कोंबलं.

आत घेताना अंगावरचं सगळं काढून घेतात, म्हणजे कमरेचा करदोडा, पट्टा, गळ्यातलं काही असेल ते. माणसानं फास लावून घेऊ नये म्हणून तो नियम. त्यात मन्मथचं इष्टलिंगही काढलं गेलं. त्या क्षणापासून त्यानं पाणी सोडलं. बाकीच्या पोरांनी रात्री भाकरी खाल्ली, पाणी प्यायलं, ह्यानं नाही. आणि नव्या जिल्ह्याला अजून स्वतःचा तुरुंगही नव्हता! त्यामुळं उजाडायच्या आत पोरांना गाडीत घालून नांदेडला नेलं, आणि त्या घाईत त्याचं लिंग इथंच राहिलं.

हे आम्हाला कळलं ते एका म्हाताऱ्या हवालदारामुळं. सकाळी मी अव्वाकडं बसलो होतो. रात्रभर कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. हवालदार दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. हातात धुतलेला रुमाल, रुमालात काहीतरी जपून धरलेलं. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "अप्पा, हे तुमच्या पोराचं. गडबडीत राहिलं. मी भुईला ठेवलं न्हाई, इमानानं सांगतो."

अप्पांनी हात पुढं केला नाही. ते गादीवर ताठ बसले होते. म्हणाले, "सरकारनं काढलं न्हवं? मग सरकारनंच जाऊन त्याच्या गळ्यात घालावं. मी घेणार न्हाई."

"अप्पा, पोरगं पाणी घेईना. रात्री मी स्वतः पेला धरला तर म्हनलं, मामा, तुम्हीच प्या."

"घेऊ बी नये. लिंगाशिवाय माझ्या घरातलं कुणी पाणी घेत न्हाई."

ते हे अभिमानानं म्हणाले. मला आजही तो आवाज ऐकू येतो. पोराच्या जिवापेक्षा त्या माणसाला सरकारनं वाकलेलं पाहायचं होतं. ते वाईट नव्हते. पेंडीसाठी आलेल्या शेतकऱ्याला त्यांनी कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही. पण बाजारपेठेतल्या माणसांसमोर शब्द एकदा तोंडातून गेला की तो परत घेणं त्यांना येत नसे. अव्वा आतून आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि हवालदारासमोर उभी राहिली.

"तुमचं सरकार जेवून झोपलंय," ती अप्पांना म्हणाली, "माझं लेकरू उपाशी हाय." आणि माझ्याकडं वळून, "गंगाधर, अंगातला सदरा काढ. आडावर दोन तांबे घे अंगावर."

मला कळेना. मी अंघोळ करून आलो तशी ती म्हणाली, "हे तू गळ्यात घाल. माझ्या अंगावर माझं हाय. एका अंगावर दोन नसतात. पिशवीत, शिटावर ठेवता येत न्हाई."

"अव्वा, मी कसा घालू? मी तुमच्यातला न्हाई."

"माझ्या चुलीचं खातूस. अजून कशातला व्हायचा राहिलास?"

अप्पा गादीवरून म्हणाले, "अगं, त्याला दीक्षा न्हाई!"

"दीक्षा असलेले घरात बसलेत," अव्वा म्हणाली. हवालदारानं खाली बघितलं.

तिनं स्वतःच्या हातानं दोरा माझ्या गळ्यात घातला, कपाळावर भस्माची तीन बोटं ओढली, आणि आम्ही स्टँडवर गेलो. अव्वा त्याआधी एस.टी.त कितीदा बसली असेल ते मला माहीत नाही, पण तिनं खिडकीची दांडी अशी धरली होती की उतरेपर्यंत सोडली नाही. चाकूर, अहमदपूर, मग माझं लोहा. बाहेर बघवत नव्हतं. काळं रान उघडं पडलेलं, भेगांत हात जाईल असं. रस्त्याच्या कडेनं गुरांच्या रांगा, बरगड्या मोजाव्यात अशा. कुठं दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका, डोक्यावर कोरडा पदर. त्यांत माझी आई असेल का म्हणून मी बघत राहायचो, कारण त्या उन्हाळ्यात तीही खडीवरच होती. बस खड्ड्यात गेली की चांदीची डबी छातीवर आपटायची. आत एक जीव अडकलाय असं वाटायचं, आणि तो माझ्या चुकीनं खाली पडेल म्हणून मी सगळ्या वाटेत सदऱ्यावरून हात काढला नाही.

लोह्याच्या स्टँडवर एक म्हातारी मडकं घेऊन खिडक्यांखालून फिरत होती. मला म्हणाली, "पी लेकरा, तोंड वाळलंय." मी मान हलवली. अव्वा म्हणाली, "पी की."

"नको."

"कामून?"

"हे गळ्यात हाय. पूजा न्हाई झाली. मला येत न्हाई पूजा."

अव्वानं माझ्याकडं बघितलं, मग तोंड खिडकीकडं वळवलं. तिची पूजा सकाळी झाली होती, ती पिऊ शकत होती. तिनंही म्हातारीला हातानंच नको म्हटलं. नांदेडच्या पुलावरून गोदावरी दिसली तेव्हा पात्रात नुसती डबकी होती आणि त्यांत म्हशी बसल्या होत्या.

तुरुंगाच्या फाटकाबाहेर आमच्या आधीच गर्दी जमली होती. सुधाकरभाऊ ट्रकमधून पोरं घेऊन आला होता. चादरीवर शाईनं लिहिलेलं, 'पाण्यासाठी मन्मथचे प्राण पणाला'. पोरं घसा फोडून ओरडत होती, 'मन्मथ तुम आगे बढो!' मी थिजून वाचत राहिलो. मन्मथ पाणी पीत नव्हता ते लिंग गळ्यात नव्हतं म्हणून. इथं त्याचं उपोषण झालं होतं.

सुधाकरभाऊ हात जोडून पुढं आला. "शरणार्थ अव्वा. तुमच्या लेकानं सगळा जिल्हा हलवला बघा."

"जिल्हा हलवायला त्याच्या अंगात काय उरलंय?" अव्वा म्हणाली. "त्याचं लिंग आणलंय. आत सोड आम्हाला."

त्याचा चेहरा बदलला. तो तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "दोन दिस कड काढा. मंत्री येऊन राहिलेत. आता त्यानं पाणी तोंडाला लावलं तर समदं मातीत जाईल. पोरांच्या भल्याचं हाय."

"तू सकाळी काय खाल्लंस?" अव्वानं विचारलं.

त्यानं पोरांकडं नजर वळवली. मागं एक पोरगं फिसकन हसलं. अव्वा भाऊला ओलांडून फाटकाशी गेली.

आतल्या साहेबांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले, वस्तू देता येईल, दोरा देता येणार नाही, आणि एका वेळी एकच माणूस. अव्वानं माझ्या गळ्यातला दोरा काढला, डबीतून लिंग तळहातावर घेतलं आणि आत गेली. मी उन्हात उभा राहिलो. घशात काटे उभे राहिले होते, पण मला वाटलं, आता संपलं, आता तो पाणी पिईल आणि आम्ही घरी जाऊ. अव्वा परत आली ती भिंतीला धरून. फाटकाच्या पायरीवर बसली. मी समोर उकिडवा बसलो.

"लिंग घेतलं. डोळ्याला लावलं. पाणी घेईना."

"आता कामून?"

"म्हनतो, अव्वा, फाटकावर माझ्या नावानं वरडून राहिलेत. मला ऐकू येतं. आता मी पिलो तर ते समदे खोटे पडतील." तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "जीभ जाड झाली रं त्याची. बोलता येईना नीट." थोड्या वेळानं ती उठली आणि साहेबांना म्हणाली, "हा बी माझाच. ह्याला सोडा." साहेबांनी माझ्या कपाळावरच्या भस्माकडं बघितलं आणि मान डोलावली.

मला आत नेलं तिथं मध्ये जाळी होती. जाळीपलीकडं मन्मथ भिंतीला टेकून बसला होता. एका दिवसात माणूस इतका आटतो हे मला ठाऊक नव्हतं. ओठांवर पांढरी सालं, डोळे खोल. लिंग डाव्या मुठीत धरलेलं. शेजारी पाण्याचं मडकं आणि त्यावर उपडा पेला, म्हणजे पाणी हाताच्या अंतरावर. त्यानं मला बघितलं आणि शब्द चघळत म्हणाला, "गंग्या, कपाळाला काय फासलंस? पोळ्याचा बैल दिसून राहिलास."

"अव्वानं लावलं."

"माझं गळ्यात घालून आलास म्हनं."

"हाव."

"मग पाणी?"

"न्हाई पिलो."

तो हसला. हसताना ओठ फाटला आणि रक्त आलं. "येडा हायस. जा, पी आता. माझ्याजवळ आलंय ते."

"तू पी. मग मी पितो."

"तुला कळत न्हाई."

"मला कळतं," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला. "टँकर बंगल्याला जातो. तू मेलास तरी बंगल्यालाच जाणार. भाऊ तुझा फोटो लावील, हार घालील, अन् होस्टेलातली पोरं तुझ्या फोटोखाली तहानेनं बसतील."

"मग मी टाकीवर चढलो ते कशापायी?"

"मी चटणी खाल्ली न्हाई म्हणून."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्याची हनुवटी थरथरली. तो रडत होता, खांदे हलत होते, पण डोळ्यांतून काहीच येत नव्हतं. मी पुढच्या आयुष्यात खूप रडणं पाहिलं. असं कोरडं रडणं पुन्हा पाहिलं नाही. म्हणाला, "गंग्या, मला मरायचं न्हाई रं. पण आता पिता बी येईना. कसं करू?"

बाहेर त्याच्या नावाचा गजर चाललेला. मी जाळीला कपाळ टेकून उभा राहिलो. समोर त्याचा तो डावा हात, मूठ उघडून तळवा वर केलेला, त्यांच्या घरात रोज सकाळी दिसायचा तसा. आणि मी म्हणालो, "पाणी पिऊ नको. पूजा कर."

त्यानं मान वर केली. लिंगावर घातलेलं पाणी तीर्थ होतं, आणि तीर्थ सांडू देत नाहीत, फेकत नाहीत, पूजा करणाऱ्यानं ते घ्यावंच लागतं. अव्वाच्या तळहातावरचा शेवटचा थेंबही जिभेवर जाताना मी कैकदा पाहिला होता. मन्मथला हे मी सांगायची गरज नव्हती. त्याचं त्यालाच ते विसरायला झालं होतं. तो बराच वेळ मुठीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हरामखोरा. अव्वानं शिकवून पाठवलं तुला?"

"न्हाई."

"तीर्थाला कुणी पाणी म्हनत न्हाई," तो स्वतःशीच पुटपुटला. "पूजा चुकवायला तर मी बसलो न्हाई."

त्यानं मांडी घातली. उजवा हात इतका थरथरत होता की पेल्यातलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. शिपाई पुढं होऊन पेला धरणार होता, मन्मथनं मानेनंच नको म्हटलं. त्यानं लिंगावर धार धरली, डोळे मिटले, ह्यावेळी ओठांत कुठलं गाणं नव्हतं. मग ओणवा होऊन तळहातातलं ते तीर्थ त्यानं घेतलं. पुन्हा धार, पुन्हा घोट. तिसऱ्यांदा त्यानं ओली बोटं जाळीतून बाहेर काढली आणि माझ्या ओठांना लावली. त्या एका थेंबाची चव मी अजून सांगू शकतो. मडक्याची आणि थोडी भस्माची.

बाहेर आलो तर सुधाकरभाऊनं मला धरलं. "काय रं, पाणी घेतलं का त्यानं?"

"न्हाई," मी म्हणालो.

"शाब्बास!" तो म्हणाला आणि पोरांकडं वळून पुन्हा घोषणा सुरू केली. अव्वा माझ्या तोंडाकडं बघत होती. माझे ओले ओठ तिला दिसले. तिनं कोपऱ्यावरच्या हापशाकडं मला ओढत नेलं आणि स्वतः हापसलं.

पुढचे दिवस मन्मथ पूजेवर जगला. पहाटे पूजा, दुपारी पूजा, दिवेलागणीला पूजा, मध्ये मनात आलं की पूजा. शिपाई आम्हाला सांगायचा, "येवढा भक्त आमच्याकडं आला नव्हता. मडकं रिकामं करतो." अन्न मात्र त्यानं घेतलं नाही, कारण अन्नाला कुठलीही पळवाट नव्हती. तो वाळत गेला, त्याला उभं राहता येईना. अव्वा फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बसून असायची आणि मी तिच्याजवळ. परीक्षा जवळ येत होती. पुस्तकं लातूरला. मला त्याची शुद्धही नव्हती.

एका दुपारी पोरांना सोडलं. सुधाकरभाऊ ओरडत आला, "जिंकलो! मागणी मान्य! होस्टेलात आता एक बी पोरगं तहानलेलं ऱ्हानार न्हाई, साहेबांनी लिहून दिलं!" मन्मथला दोघांनी धरून बाहेर आणलं. कुणीतरी लिंबाच्या सरबताचा पेला त्याच्या हातात दिला, फोटोवाला पुढं आला. मन्मथनं पेला तोंडाजवळ नेला आणि थांबला. "टँकर कधीपासून येणार?" त्यानं विचारलं.

"टँकरची गरजच न्हाई," सुधाकरभाऊ म्हणाला. "होस्टेल बंद केलं. पोरांना घरी पाठवून राहिलेत, पाऊस पडूस्तोवर."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. पोरंच नसतील तर तहानलेलं कोण राहणार? परीक्षेपुरतं ज्याचं त्यानं बघायचं होतं. माझी ट्रंक व्हरांड्यात काढून ठेवली असेल, आणि माझ्यासाठी वाट एकच होती, वाडीची, खडीची. मन्मथनं पेल्यातलं सरबत प्यायलं, सगळं, एका दमात. फोटो निघाला. त्या फोटोत तो हसतोय असं लोक म्हणायचे. मी तिथं होतो, तो दात आवळून उभा होता.

लातूर आलं तेव्हा अव्वा एवढंच म्हणाली, "गंगाधर, ट्रंक इकडं आण." मी ती आणली, आणि पदवी मिळेपर्यंत ती त्यांच्याच माळवदावरच्या खोलीत राहिली. अप्पांनी चकार शब्द काढला नाही. एकदा मात्र, मी आडावर पाणी शेंदत असताना, जवळ येऊन म्हणाले, "त्या दिवशी मी घ्यायला पाहिजे होतं हातात." पोहरा वर येईपर्यंत ते तिथंच उभे राहिले.

मन्मथ परीक्षेला बसलाच नाही. आजारपणात त्यानं दोन महिने अंथरूण सोडलं नाही, आणि उठला तेव्हा सरळ दुकानाच्या गादीवर जाऊन बसला. मी खूप आर्जवं केली. तो म्हणायचा, "तू शीक. दोघांनी एकच पुस्तक कशाला वाचायचं?" तो थट्टा करत राहिला, पण सभा, मोर्चे, घोषणा ह्यांचा आवाज आला की दुकानाची फळी ओढून घ्यायचा. सुधाकरभाऊ पुढं मोठा झाला, जीपमधून फिरू लागला. मन्मथनं त्याच्याबद्दल वाईट शब्द काढल्याचं मला आठवत नाही.

माझा बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन आधी दुकानात गेलो. आमच्या सगळ्या घराण्यात मी पहिला. मन्मथ कुणाला तरी सरकी तोलून देत होता. त्यानं पेढा तोंडात टाकला, माझ्या पाठीवर थाप मारली, आणि पुन्हा तागडीकडं वळत विचारलं, "काय रं, तिकडून आलास न्हवं? होस्टेलच्या हौदाला पाणी येतं का आता?"

मी तिकडूनच आलो होतो. हौदाला नवा नळ बसला होता, सकाळ-संध्याकाळ पाणी येत होतं. पण होस्टेल पुन्हा उघडलं नव्हतं. त्या इमारतीत नव्या जिल्ह्याचं एक कार्यालय आलं होतं, आणि आम्ही झोपायचो त्या खोल्यांत कपाटं होती.

"येतं," मी म्हणालो. "पोरं न्हाईत पण. हापीस हाय तिथं."

त्यानं वजन उचललं, ते हातातच धरून थोडा वेळ उभा राहिला. गिऱ्हाईक म्हणालं, "तोला की मालक." मन्मथ माझ्याकडं न बघता म्हणाला, "जाऊ दे. कुणाच्या तरी घशाला लागतंय न्हवं," आणि त्यानं वजन तागडीत ठेवलं.